आठवा ट्रे

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण,
आणि खाजगी प्रसूतिगृहं चालवणारे सर्व डॉक्टर.

विषय: बाळंतपणात वंगण म्हणून जेलीचा वापर आणि लेबर रूममध्ये त्याआधी करायच्या गोष्टी.



गरोदर मुली हल्ली मोबाइलवर बरंच काही वाचतात आणि मग आमच्यासारख्या निवृत्त सिस्टरना गाठून विचारतात, 'मावशी, ते जेल लावलं की टाके पडत नाहीत म्हणे, खरं का?' परदेशात खास बाळंतपणासाठी बनवलेलं जेल मिळतं, कळा चालू असताना ते योनिमार्गात लावतात आणि बाळ अलगद सरकतं, अशी ती माहिती असते. प्रश्न सरळ आहे. उत्तर देताना मात्र मला तुमचा विचार करावा लागतो. त्यातला थोडा भाग वैद्यकशास्त्राचा आहे. बाकीचा तुमच्या खरेदीचा, तुमच्या परिपत्रकांचा आणि तुमच्या लेबर रूममधल्या घाईचा. म्हणून हे पत्र मुलींना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आधी जेलबद्दल. कल्पना खोटी नाही. निसर्गानं वंगणाची सोय केलेलीच असते: गर्भजल, योनीतला चिकट स्राव आणि बाळाच्या अंगावरचा पांढरा मेणचट थर. पण पाणी लवकर गेलं, कळा लांबल्या, तपासणीसाठी वारंवार बोटं आत गेली की हा ओलावा कमी होतो आणि घर्षण वाढतं. मग वंगण बाहेरून का देऊ नये, असा विचार स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी केला. आतून तपासणी करताना आणि पुढं बाळ खाली येताना योनिमार्गात निर्जंतुक जेल लावत राहायचं, अशी त्यांची पद्धत. २००८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे अडीचशे पहिलटकरणी घेतल्या होत्या. जेल लावलेल्या गटात जोर लावण्याचा टप्पा सरासरी २६ मिनिटांनी कमी झाला आणि पेरिनियम, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग, शाबूत राहिलेल्या बाया जास्त निघाल्या. २६ मिनिटं हा आकडा कागदावर किरकोळ वाटेल. ज्या बाईनं जोर लावून लावून ओठ चावून फोडलेत, तिला विचारा.

पण गोष्ट तिथं संपत नाही. इस्रायलमध्ये अशाच जेलची चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात फरक दिसला नाही. ना वेळ वाचला, ना फाटणं कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणातल्या शुश्रूषेबद्दल ५६ शिफारशींचं पुस्तक काढलं. बाळ बाहेर येताना पेरिनियम कसं जपायचं हे त्यात सांगितलं आहे: मालिश, गरम शेक आणि हाताचा आधार. योनिमार्गात भरायच्या खास जेलला त्या यादीत जागा मिळालेली नाही. तेव्हा मुलींना माझं उत्तर असं असतं: वंगणानं नुकसान होत नाही, फायदा होण्याची शक्यता आहे, पण टाके चुकतीलच अशी हमी कुणी देत असेल तर तो विकायला बसला आहे. आणि जेलनं कंबरेचं हाड रुंद होत नाही, आडवं बाळ सरळ होत नाही, मान वर करून आलेलं डोकं वळत नाही. अडलेलं बाळंतपण जेलनं सुटत नाही.

इथून पुढचं तुमच्यासाठी.

केंद्र सरकारनं २०१३ मध्ये माता व नवजात आरोग्याची जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यात लेबर रूममधले सात ट्रे ठरवून दिले आहेत. कुठल्याही सिस्टरला झोपेतून उठवून विचारा, ती घडाघडा म्हणून दाखवेल: डिलिव्हरी ट्रे, एपिझिओटॉमी ट्रे, बेबी ट्रे, मेडिसिन ट्रे, इमर्जन्सी ड्रग ट्रे, एमव्हीए ट्रे आणि पीपीआययूसीडी ट्रे. २०१७ च्या डिसेंबरात 'लक्ष्य' कार्यक्रम आला, तपासणीची पथकं फिरू लागली, गुण मिळू लागले आणि हे ट्रे चकाचक झाले. चांगलंच झालं. ऐन रक्तस्रावात ऑक्सिटोसिनची अँप्यूल शोधत धावण्याचे दिवस या ट्रेंमुळेच कमी झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता दुसरा ट्रे उघडून बघा. झायलोकेन, सिरिंज, कात्री, निडल होल्डर, कॅटगट, चिमटे. कापायचं आणि शिवायचं सगळं सामान एका जागी, निर्जंतुक, मोजून ठेवलेलं. ते हवंच. बाळाचे ठोके पडत असतील, चिमटा लावावा लागत असेल, तर कट द्यावा लागतो आणि तो नीट शिवावा लागतो. पण पेरिनियम वाचवायचं सामान कुठल्या ट्रेमध्ये आहे? डिलिव्हरी ट्रेमध्ये हातमोजे आहेत, कात्री आहे, नाळेचा क्लॅम्प आहे, जंतुनाशकाची वाटी आहे, कापसाचे बोळे आहेत. जेली नाही. शेकाचं फडकं नाही. सातही ट्रे पालथे घाला, नाही सापडणार.

ट्रेमध्ये जे ठेवलेलं असतं ते हातात येतं. रात्री अडीच वाजता टेबलावर दोघी कण्हत असताना सिस्टर तत्त्वज्ञान आठवत नाही. समोर दिसेल ते उचलते. म्हणून जुन्या पद्धतीच्या लेबर रूममध्ये पहिलटकरीण दिसली की 'एपी द्या', म्हणजे पेरिनियमला कट द्या, हे शब्द आपोआप येतात. 'कापलं नाही तर वेडंवाकडं फाटेल, सरळ कापलेलं चांगलं भरतं,' असं आम्हाला शिकवलं होतं आणि काही ठिकाणी अजून शिकवतात. जगभरच्या चाचण्यांनी ते खोटं ठरवून बरीच वर्षं झाली. सरसकट एपिझिओटॉमी करू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट लिहिलं आहे. कट दिल्यावर तो पुढं फाटत जाऊन गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत पोचतो, असंही होतं. तिसऱ्या किंवा चौथ्या दर्जाची ही जखम बाईला जन्मभर पुरते. तिला वारा आवरत नाही, कधी शौच आवरत नाही. ती लग्नाला जात नाही, एसटीत बसत नाही, देवळात जात नाही आणि का जात नाही ते सांगतही नाही. तुमच्या कुठल्या अहवालात ही बाई दिसते? डिस्चार्ज कार्डावर 'नॉर्मल डिलिव्हरी, आई व बाळ सुखरूप' एवढंच असतं.

आता साध्या जेलीकडे येते, कारण माझी मुख्य तक्रार तिथं आहे.

बाळंतीण दाखल झाली की तिची आतून तपासणी होते: गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, डोकं किती खाली आलं, पाणी कसलं आहे. ही तपासणी दर चार तासांनी पुरेशी आहे. शिकाऊ डॉक्टर असतात तिथं ती किती वेळा होते, हे तुम्हाला सांगायला नको. एकाच वेळी वेगवेगळ्या माणसांनी एकाच बाईला तपासू नये असंही जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पुस्तकात लिहिलं आहे. हातमोजा कशात बुडवून तपासणी होते? कुठं जंतुनाशकात, कुठं सलाइनमध्ये, कुठं नुसत्या पाण्यात आणि घाईत कशातच नाही. कोरडा रबरी हातमोजा सुजलेल्या, ताणलेल्या जागेत जातो तेव्हा बाई टेबलावरून उचलली जाते. मग तिला ऐकवलं जातं, 'एवढंसं सहन होत नाही, बाळ कसं होणार?' जंतुनाशकानं हात निर्जंतुक होतो, पण ते वंगण नव्हे. उलट त्यानं नाजूक त्वचा झोंबते. क्लोरहेक्सिडिननं योनिमार्ग सरसकट धुवू नये, हीही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. काही ठिकाणी सुन्न करणारी लिग्नोकेनची जेली हाताशी असते म्हणून तीच लावतात. तेही बरं नाही. ते औषध आहे, ते ओल्या त्वचेतून रक्तात उतरतं, काहींना त्याची अॅलर्जी असते आणि दर तपासणीला थोडं थोडं म्हणत किती गेलं याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आणि तेल? खोबरेल, एरंडेल, पॅराफिन. तेलानं रबराचा हातमोजा कमकुवत होतो, हे इथं कुणाच्या लक्षात येत नाही. लेटेक्सचा मोजा तेलात भिजला की तो फाटायला वेळ लागत नाही. मग बाईलाही संसर्गाची भीती आणि सिस्टरलाही. शिवाय वॉर्डातली तेलाची एकच बाटली सगळ्यांच्या बोटांनी उघडलेली असते.

लागतं ते अगदी साधं: पाण्यात विरघळणारी, बिनवासाची, बिनऔषधी, निर्जंतुक जेली. एका वेळेला एक पुडी, उघडली की संपवायची. अशी जेली शस्त्रक्रियागृहात असते, कॅथेटर घालायला असते, सोनोग्राफीच्या खोलीत वेगळ्या प्रकारची असते. लेबर रूमच्या इंडेंटवर ती लिहिली की स्टोअरमधून विचारणा येते, 'ही कशाला?' एका वर्षी मी ती मागितली, तेव्हा आलेल्या कागदावर 'अत्यावश्यक नाही' असा शेरा होता. शेरा देणारा पुरुष होता, हे सांगणं अत्यावश्यक नाही, पण सांगते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर लागू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, औषधं मोफत, लागणारं सामान मोफत, आहार मोफत, येण्याजाण्याची गाडी मोफत, असं त्याचं वचन आहे. सामानात हातमोजे धरता तर जेलीही धरा. नातेवाइकाच्या हातात 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी देऊन तिची सोय करू नका. वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण उभं केलंत, ते याचसाठी ना?

मला ठाऊक आहे, तुमच्यातले काही आता म्हणतील की आपल्याकडे हे सगळं पूर्वीपासून होतं. होतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवव्या महिन्यात औषधी तेलाचा बस्ती आणि त्याच तेलात भिजवलेला कापसाचा पिचू योनीत ठेवायला सांगितला आहे आणि कारणही दिलं आहे, गर्भाच्या जागेला आणि वाटेला स्निग्धता यावी म्हणून. गावातल्या सुईणी एरंडेलाचा, तिळाच्या तेलाचा हात बाहेरून फिरवत असत. घर्षण कमी करायचं हे त्या बायकांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना हाताला कळत होतं. याचा मला आदर आहे. पण गर्भसंस्काराच्या वर्गात पाचशे लोकांसमोर 'आमच्या ऋषींनी सांगितलेलं' म्हणून घरगुती तेलाचे बोळे आत ठेवायला लावतात, तेव्हा माझा जीव कासावीस होतो. पाणी गळायला लागलेलं असताना निर्जंतुक नसलेलं काहीही आत गेलं तर ताप आईलाही येतो आणि बाळालाही. ग्रंथ जुना आहे म्हणून कापूस निर्जंतुक होत नाही. परदेशी जेलच्या खोक्याला मान डोलावणारे आणि पिचूच्या वर्गाला हार घालणारे, दोघांना मी एकच प्रश्न विचारते: मोजलंत का?

मोजलेल्या गोष्टी आहेत आणि त्या स्वस्त आहेत. ३४-३५ आठवड्यांनंतर बाईनं स्वतः किंवा नवऱ्याच्या मदतीनं, हात स्वच्छ धुऊन, आठवड्यातून एक-दोनदा पेरिनियमला मालिश केलं तर पहिलटकरणींत टाक्यांची गरज कमी होते. साधारण पंधराजणींनी केलं तर एकीची टाक्यांतून सुटका, असा हिशेब चाचण्यांतून निघतो. फार मोठा चमत्कार नव्हे, पण खर्च शून्य. हे गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी सांगायला किती वेळ लागतो? लोहाच्या गोळ्या देता देता आशाताई किंवा एएनएम सांगू शकते. पण तिला आधी कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगताना लाजायला नको.

दुसरी गोष्ट शेक. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ७१७ पहिलटकरणींवर चाचणी झाली. डोकं दिसू लागल्यावर गरम पाण्यात पिळलेलं पॅड पेरिनियमवर धरायचं, एवढंच. टाके पडण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही, हेही सांगायला हवं. पण तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या जखमा कमी झाल्या, बाळंतपणातलं दुखणं कमी झालं आणि तीन महिन्यांनी लघवी न आवरण्याची तक्रारही कमी निघाली. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या अशा चाचण्या एकत्र करून जो आढावा घेतला गेला, त्यात शेकानं गंभीर जखमांचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं असं दिसलं. वंगण लावून केलेल्या मालिशचंही तसंच. बाळंतिणीला शेक द्यायचा असतो हे आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. तो बाळ झाल्यावर पाठीला देतात, बाळ होताना योग्य जागी द्यायचा एवढाच फरक आहे. पाणी स्वतःच्या मनगटावर तपासून घ्यायचं, कारण कळा चालू असलेल्या बाईला भाजलेलं चटकन कळत नाही. हे सिस्टरला एका दुपारी शिकवता येतं.

ही कामं हातानं करायची आहेत आणि हातांना वेळ लागतो. इथं जेलच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. डोकं बाहेर येताना एका हातानं आधार, दुसऱ्या हातानं शेक, तोंडानं 'आता जोर नको, फुंकर मार, फुंकर' असं सांगत राहायचं, हे सिस्टरला एका वेळी एकाच बाईला देता येतं. तिच्याकडे चौघी असतील तर ती कात्री घेते. दोष तिचा नाही. २०१८ मध्ये केंद्रानं मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, परिचारिकांना १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन बाळंतपणाच्या तज्ज्ञ करायचं ठरवलं. त्या मुली तयार झाल्यावर त्यांना लेबर रूममध्येच ठेवा. लसीकरण शिबिरात, डायलिसिसला, व्हीआयपी दौऱ्यात पाठवू नका.

घाईचं दुसरं रूप पोट दाबण्याचं. बाळ खाली येत नाही म्हणून मावशी स्टुलावर चढते आणि बाईच्या पोटावर कोपरानं दाब देते. गर्भाशयाला वरून दाब देऊन बाळंतपण लवकर उरकायचं, हे करू नये असं आता जगभर सांगतात; आपल्याकडे अजून चालतं. त्यानं पेरिनियम फाटतं, बरगडी दुखावते आणि बाईच्या मनात कायमची धास्ती बसते. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत कळांना 'चालू कळा' म्हणायचंच नाही आणि पहिलटकरणीचा जोर लावायचा टप्पा तीन तासांपर्यंत जाऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पुस्तकात २०१८ पासून छापलेलं आहे. तोपर्यंत बाळाचे ठोके नीट असतील आणि बाई ठीक असेल तर थांबायचं. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा हट्ट सोडायचा. तो हट्ट ठेवून वर २६ मिनिटं वाचवणारं जेल विकत घ्यायचं, तर पैसे वाया जातील.

खाजगी प्रसूतिगृहांच्या डॉक्टरांना वेगळं सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खाजगीत ४७.४ टक्के. सिझेरियननं जीव वाचतात, मी त्याच्या विरोधात नाही. पण तुमच्याकडे येणाऱ्या मुली 'खाली फाटेल, आयुष्यभर त्रास होईल' या भीतीनंही पोटावरचा छेद मागतात, हे तुम्हीच सांगता. त्या भीतीवर तुमच्याकडे काय उपाय आहे? पॅकेजच्या पत्रकावर खोलीचा दर असतो, एसीचा असतो, बाळाच्या फोटोशूटचा असतो. तुमच्याकडे गेल्या वर्षी किती पहिलटकरणींना कट दिला, किती जणींना तिसऱ्या-चौथ्या दर्जाची जखम झाली, हे दोन आकडे त्याच पत्रकावर छापा. मग जेल वापरा की नका वापरू, मुली स्वतः ठरवतील. आणि वापरणार असाल तर ते काय आहे, त्याबद्दल काय माहीत आहे आणि किती पैसे लागतील हे आधी सांगून, विचारून वापरा. कळांच्या ऐन भरात 'मॅडम, एक जेल आहे, लावू का?' असं विचारून बिलात ओळ वाढवणं मला परवानगी मागणं वाटत नाही.

सोबतीणीचा मुद्दा थोडक्यात. बाळंतपणात सोबत एक नात्यातली बाई असू द्यावी, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्येच सांगितलं. आई, सासू, जाऊ, जिच्यावर तिचा विश्वास असेल ती. तिला दाराबाहेर बसवण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. गर्दीचं कारण सांगतात. पण पाठ चोळायला, घोट पाणी पाजायला, 'फुंकर मार' सांगायला एक माणूस वाढलं तर सिस्टरचा एक हात मोकळा होतो. भ्यालेली बाई मांड्या आवळते, श्वास रोखते आणि सगळं आवळलं जातं. तिथं कितीही जेली घातली तरी काय होणार?

तर आता मागण्या. पहिली आणि तातडीची: लेबर रूममध्ये आठवा ट्रे ठेवा. पाण्यात विरघळणाऱ्या निर्जंतुक जेलीच्या पुड्या, शेकासाठी निर्जंतुक पॅड, एक बेसिन, गरम पाण्याची सोय आणि भिंतीवर मराठीत एक तक्ता. त्याला 'पेरिनियम ट्रे' म्हणा किंवा काहीही म्हणा. 'लक्ष्य'च्या तपासणीला पथक येतं तेव्हा एपिझिओटॉमी ट्रेच्या शेजारी तोही बघायला लावा. महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. बायकांना दवाखान्यात आणायचं काम तुम्ही केलंत, त्याचं श्रेय तुमचं. आता त्या टेबलावर आल्यावर त्यांचं काय होतं, तेही तुमच्याच खात्यावर.

दुसरी मागणी नोंदीची. बाळंतपणाच्या रजिस्टरमध्ये पेरिनियमचा रकाना सक्तीचा करा: शाबूत, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा दर्जा, कट दिला तर का दिला. एका शब्दाचं कारण पुरे. कारण लिहावं लागतं म्हटल्यावर कात्री थोडी थांबते.

तिसरी मागणी जेलबद्दलच. स्विस अभ्यास एक सांगतो, इस्रायली दुसरं. आपल्या बायांचं वजन वेगळं, रक्त कमी, टेबलावर झोपवण्याची पद्धत वेगळी, तपासण्या जास्त. त्यामुळे उत्तर आपल्याला आपल्याकडेच शोधावं लागेल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली कितीतरी वैद्यकीय महाविद्यालयं येतात, पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात आणि त्यातले कितीतरी विषय दुसऱ्याच्या प्रबंधावरून उचललेले असतात. हा विषय त्यांना द्या. एका गटाला नेहमीची शुश्रूषा, एकाला शेक आणि साधी जेली, एकाला खास जेल. नैतिक समितीची मंजुरी घ्या, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी नोंद करा, जेल विकणाऱ्याचा पैसा घेऊ नका आणि निकाल काहीही आला तरी छापा. मोजताना मिनिटांवर थांबू नका. तीन महिन्यांनी बाईला विचारा की बसताना दुखतं का, खोकताना लघवी होते का, नवऱ्याजवळ जाताना भीती वाटते का. साध्या जेलीनं आणि शेकानं तेवढंच साधत असेल, अशी माझी अटकळ आहे. अटकळ चुकली तर खास जेल आनंदानं मागवा, मी इंडेंट लिहून देईन.

चाचणीचा निकाल यायला दोन-तीन वर्षं जातील. आठवा ट्रे भरायला एक परिपत्रक आणि एक खरेदी आदेश पुरतो. तो येत्या आर्थिक वर्षाच्या यादीत आहे की नाही, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी तयार ठेवला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही लावून झाला आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, प्रसूतिकक्ष